सांधे आणि टेंडनसाठी कोलॅजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पळणारे, वजन उचलणारे, सायकलवाले, बॅडमिंटनवाले, सगळ्यांची दुखणी वेगळी असली तरी प्रश्न शेवटी एकाच डब्यापाशी येऊन थांबतो: कोलॅजन घेऊ का? माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची उत्तरं वाचताना ते लक्षात राहील. पावडरीला फार तर हाताखालच्या माणसाचं काम जमतं. खरा गवंडी म्हणजे टेंडनवर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीवर, पडणारा भार, आणि तो कामावर आला नाही तर नुसत्या विटा आणून भिंत उभी राहत नाही.

कोलॅजन म्हणजे नेमकं काय?

शरीरातलं सगळ्यात मुबलक प्रथिन. एकूण प्रथिनांपैकी साधारण २५ ते ३० टक्के. त्याची रचना दोरखंडासारखी असते: तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून बसलेल्या. साखळीतलं दर तिसरं अमिनो आम्ल (प्रथिनाची एकेक वीट) ग्लायसिन असतं, कारण पिळाच्या आतल्या बाजूला जागा इतकी कमी असते की सगळ्यात लहान असलेलं ग्लायसिनच तिथे मावतं. उरलेल्या जागांपैकी बऱ्याच जागा प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन अडवतात.

आजवर कोलॅजनचे २८ प्रकार माहीत झाले आहेत. आपल्या कामाचे मुख्यतः दोन. प्रकार १ टेंडन, लिगामेंट, हाडं आणि त्वचेत असतो. प्रकार २ सांध्यातल्या कूर्चेत. टेंडनमधलं पाणी काढून टाकलं तर उरलेल्या वजनातला ६० ते ८५ टक्के भाग कोलॅजनच असतो.

टेंडन आणि लिगामेंट एकच का?

नाही. टेंडन, म्हणजे कंडरा, स्नायूला हाडाशी बांधतो. लिगामेंट हाडाला हाडाशी बांधतं. कूर्चा हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर आहे. तिघांमध्ये एक गोष्ट सारखी: स्नायूच्या मानाने रक्तपुरवठा तुटपुंजा. मोठ्या माणसाच्या कूर्चेत तर रक्तवाहिन्या नसतातच. स्नायूची दुखापत काही आठवड्यांत विसरायला होते आणि टाचेमागची दोरी महिनोन्‌महिने कुरकुरत राहते, त्याचं एक कारण हे.

डॉक्टर म्हणाले गुडघ्यातलं वंगण संपलंय. कोलॅजनने ते परत येईल का?

सांध्यातलं वंगण म्हणजे त्यातला द्रव. त्याला चिकटपणा येतो तो हायल्युरॉनिक आम्लामुळे, कोलॅजनमुळे नाही. ‘वंगण संपलं’ हे बहुतेक वेळा कूर्चेची झीज झाली आहे हे सोप्या शब्दांत सांगण्यासाठी वापरलं जातं. झिजलेला कूर्चेचा थर पावडरीने पुन्हा भरून येतो, असं कुणी म्हणत असेल तर तो डबा फडताळावर परत ठेवावा.

खाल्लेलं कोलॅजन थेट गुडघ्यात जातं का?

जात नाही. केस खाऊन केस उगवत नाहीत, तसंच हे. पोटात आणि आतड्यात त्याचे तुकडे होतात, आणि यकृताला किंवा टेंडनला ते तुकडे कुठून आले याचं सोयरसुतक नसतं.

पण गोष्ट इथेच संपत नाही, आणि म्हणूनच हा विषय नुसता थोतांड म्हणून सोडून देता येत नाही. कोलॅजनचे काही दोन-दोन अमिनो आम्लांचे जोड पचनातून सहीसलामत सुटतात. प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिनचा जोड त्यात ठळक. घेतल्यानंतर साधारण एक-दोन तासांत रक्तात त्याचं प्रमाण सर्वाधिक होतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर अशा जोडांचा परिणाम दिसतो. ‘इथे कोलॅजन मोडलंय, नवं करा’ असा तो निरोप असावा, असा एक तर्क आहे. दुसरा तर्क साधा आहे: ग्लायसिन आणि प्रोलिनचा कच्चा माल हाताशी जास्त आला, एवढंच. जिवंत माणसाच्या टेंडनमध्ये यातलं किती घडतं, हे काचेच्या बशीतल्या पेशी सांगू शकत नाहीत.

मग सांधेदुखीवर उपयोग होतो की नाही?

थोड्याफार लोकांना, थोडाफार. सरळ ‘हो’ म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि सरळ ‘नाही’ म्हणण्याइतकाही नाही.

खेळाडूंवरचा सगळ्यात जास्त उल्लेखला जाणारा अभ्यास २००८ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातून आला. १४७ खेळाडू, २४ आठवडे, रोज १० ग्रॅम. कोलॅजन घेणाऱ्यांनी दुखण्याच्या काही प्रकारांत जास्त आराम सांगितला. मात्र जाहिरातींत न येणारी गोष्ट अशी की १४७ पैकी ९७ जणांचीच माहिती शेवटी हिशेबात धरता आली. एक तृतीयांश माणसं वाटेत गळाल्यावर उरलेल्यांच्या सरासरीवर किती विसंबायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. २०१७ मध्ये गुडघेदुखी असलेल्या १३९ तरुण खेळाडूंवर १२ आठवडे, रोज ५ ग्रॅम देऊन अभ्यास झाला. व्यायाम करतानाचं दुखणं कोलॅजन गटात जास्त कमी झालं. सांध्याच्या हालचालीत मात्र फरक दिसला नाही.

आता दुसरी बाजू. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये हायड्रोलाइझ्ड (बारीक तोडलेल्या) कोलॅजनमुळे सांधे निरोगी राहतात हा दावा तपासला आणि कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असं सांगून तो नाकारला. शिवाय या क्षेत्रातल्या बऱ्याच अभ्यासांना पैसा कोलॅजन बनवणाऱ्या कंपन्यांनीच पुरवलेला असतो. पैसा घेतला म्हणजे निष्कर्ष खोटाच, असं नाही. पण दुखणं हे माणसाने स्वतः आकडा सांगून मोजायचं असतं, आणि दुखण्यावर नकली औषधाचाही गुण चांगला येतो. ही दोन्ही कारणं एकत्र आली की मी आकड्यांकडे जरा डोळे बारीक करूनच पाहतो.

टेंडनसाठीचा पुरावा वेगळा आहे का?

वेगळा आहे, जास्त रंजक आहे, आणि त्यामुळेच तो फुगवूनही फार सांगितला जातो.

या सगळ्या लाटेचं मूळ २०१७ च्या एका छोट्या प्रयोगात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातले कीथ बार आणि ऑस्ट्रेलियातले सहकारी यांनी तो केला. आठ निरोगी तरुणांना कधी ५ ग्रॅम, कधी १५ ग्रॅम जिलेटिन (उष्णतेने उकललेलं कोलॅजन) ‘क’ जीवनसत्त्वासह दिलं, कधी नुसतं नकली पेय. तासाभराने त्यांनी सहा मिनिटं दोरीवरच्या उड्या मारल्या. असं दिवसातून तीनदा, मध्ये सहा-सहा तासांचं अंतर ठेवून, तीन दिवस. १५ ग्रॅम घेतल्यावर रक्तातली नव्या कोलॅजनची खूण नकली पेयाच्या मानाने सुमारे दुप्पट झाली.

ऐकायला झकास. पण माणसं आठ, तीही धडधाकट. आणि रक्तातली ती खूण टेंडनपेक्षा हाडांतून जास्त येते. उड्या मारल्या की हाडांवरही भार पडतोच. कीथ बार यांचं काम मला आवडतं, पण या एका प्रयोगावर जेवढे डबे विकले गेले तेवढं वजन तो पेलू शकत नाही.

त्यानंतरच्या कामांतलं एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासात पुरुषांनी १४ आठवडे पोटऱ्यांचा जड भाराचा व्यायाम केला. अर्ध्यांना रोज ५ ग्रॅम कोलॅजन, अर्ध्यांना नकली पावडर. टाचेमागचा टेंडन दोन्ही गटांत जाड झाला, कोलॅजन गटात जास्त. ताकद आणि टेंडनचा ताठपणा मात्र दोन्ही गटांत वाढला आणि त्यात फरक आढळला नाही. म्हणजे काम भाराने केलं. पावडरीने त्यात थोडी भर घातली असेल तर ती जाडीपुरती.

टेंडन मुळात नव्याने बनतो तरी का?

हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, खरं तर पहिला हाच विचारायला हवा. उत्तर शोधण्याची युक्तीही अजब होती. १९५५ ते १९६३ या काळात हवेत केलेल्या अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) एकदम वाढला आणि नंतर हळूहळू उतरला. त्या काळात शरीरात जे जे बनलं त्यावर त्या कार्बनचा शिक्का बसला. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या माणसांच्या टाचेमागच्या टेंडनमधला हा कार्बन मोजला. निष्कर्ष असा की टेंडनचा गाभा वयाच्या साधारण पहिल्या १७ वर्षांत बनून पुरा होतो, आणि पुढे त्यात जवळजवळ बदल होत नाही. चाळिशीतला माणूस पळताना ज्या दोरीवर उसळतो ती दोरी त्याच्या शाळेच्या दिवसांतली असते.

म्हणून ‘तीन महिन्यांत टेंडन नवाकोरा’ ही भाषा ऐकली की मला हसू येतं. गाभ्याबाहेरच्या भागात मात्र हालचाल असते, व्यायामाने टेंडन जाड आणि ताठ होतो, आणि दुखापतीनंतर पेशी कामाला लागतात. खेळ चालायचा तो या मर्यादेत.

मग टेंडनसाठी व्यायाम कोणता?

जड आणि सावकाश. टाचेमागच्या दुखण्यासाठी १९९८ मध्ये स्वीडनच्या हाकन अल्फ्रेडसन यांनी १५ हौशी धावपटूंवर वापरलेली पद्धत प्रसिद्ध आहे: पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, १५ वेळांचे तीन फेरे, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. हिशेब केला तर रोजच्या १८० वेळा होतात. पुढे आठवड्यातून तीनदाच पण बरंच जड वजन घेऊन, वर-खाली दोन्हीकडे सावकाश जाण्याची पद्धत आली, आणि तिचेही परिणाम तितकेच चांगले दिसले. रोज १८० चा कंटाळा येणाऱ्यांना ही दुसरी झेपते.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना दुखणं आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं असेल, तर भार जास्त झाला. सकाळच्या त्या पहिल्या पावलांइतका प्रामाणिक मापक दुसरा नाही. आणि पूर्ण विश्रांती? टेंडनला ती मानवत नाही. दुखणं शमतं, पण टेंडन आणखी दुबळा होतो आणि परत पळायला लागलं की पहिले पाढे पंचावन्न.

किती घ्यायचं आणि कधी?

अभ्यासांत रोज ५ ते १५ ग्रॅम वापरलेलं आहे. टेंडनचा विचार असेल तर १० ते १५ ग्रॅम, व्यायामाच्या पाऊण ते एक तास आधी. यामागचा विचार असा: टेंडनला रक्त कमी मिळतं, तो ताणला की स्पंजासारखा पिळला जातो आणि सैल सोडला की आजूबाजूचा द्रव आत ओढतो. त्या वेळी रक्तात ग्लायसिन-प्रोलिन भरपूर असावं. विचार पटण्याजोगा आहे. पण ज्या अभ्यासांत वेळेचं बंधन नव्हतं त्यांतही काहींना बरं वाटलंच आहे, तेव्हा एखाद्या दिवशी वेळ चुकली म्हणून जीव खाली-वर करू नये.

‘क’ जीवनसत्त्व बरोबर घेणं गरजेचं आहे का?

शरीराला ते लागतंच. प्रोलिनचं हायड्रॉक्सिप्रोलिन करणारं विकर (एन्झाइम) ‘क’ जीवनसत्त्वाशिवाय चालत नाही, आणि तो बदल झाला नाही तर तिहेरी पीळ टिकत नाही. जहाजांवरच्या खलाशांच्या हिरड्या सडायच्या, जुन्या जखमा उकलायच्या, तो स्कर्व्ही रोग म्हणजे कोलॅजनच उसवण्याचा रोग. जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये खलाशांना संत्री-लिंबं देऊन तो बरा होतो हे दाखवलं.

पण ज्याच्या आहारात फळं-भाज्या आहेत त्याला ही कमतरता सहसा नसते. २०१७ च्या त्या प्रयोगातही ४८ मिलिग्रॅमच वापरलं होतं. हजार मिलिग्रॅमच्या गोळीने टेंडन वीसपट मजबूत होत नाही.

डब्यावर जिलेटिन, हायड्रोलाइझ्ड, पेप्टाइड असे शब्द असतात. फरक काय?

मूळ कोलॅजन उष्णतेने उकललं की जिलेटिन. ते विकरांनी आणखी बारीक तोडलं की हायड्रोलाइझ्ड कोलॅजन, त्यालाच कोलॅजन पेप्टाइड म्हणतात. जिलेटिन थंड झालं की थिजतं, पेप्टाइड थंड पाण्यातही विरघळतात. पोटात गेल्यावर दोन्हींची अमिनो आम्लं सारखीच.

आणि ती ४० मिलिग्रॅमची छोटी गोळी? तिच्यात इतकं कमी कसं पुरतं?

ते वेगळंच प्रकरण आहे. त्यात न उकललेलं, मूळ पीळ शाबूत असलेलं प्रकार २ चं कोलॅजन असतं, बहुधा कोंबडीच्या छातीच्या कूर्चेतून काढलेलं. कच्चा माल म्हणून ४० मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही. इथे कल्पना अशी की आतड्यातल्या प्रतिकारपेशींना या प्रथिनाची थोडी-थोडी ओळख करून दिली की त्या सांध्यातल्या कूर्चेवर कमी चिडतात. गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांवर याचे काही चांगले निकाल आहेत. टेंडनसाठी ही गोळी घेण्याला मात्र अर्थ नाही. टेंडन प्रकार १ चा बनलेला असतो. दोन्ही प्रकार मिसळून विकणारे डबे मला तरी गोंधळलेले वाटतात.

गरम पेयात घातलं तर चालेल का?

पेप्टाइडची पावडर, हो. ती आधीच उकललेली असते, आणखी काय बिघडणार! वरची ४० मिलिग्रॅमवाली मात्र नाही. तिचं सगळं महत्त्व न उकललेल्या पिळात आहे.

नेहमीच्या प्रोटीन पावडरऐवजी कोलॅजन घेतलं तर?

नको. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल अजिबात नसतं आणि स्नायू वाढवण्याची चावी असलेलं ल्यूसिनही कमी असतं. प्रथिनांचा दर्जा मोजण्याच्या नेहमीच्या पट्टीवर त्याला शून्य मिळतं. डब्यावर ‘२० ग्रॅम प्रोटीन’ लिहिलेलं असलं तरी ते दिवसाच्या प्रथिनांच्या हिशेबात धरू नका. २०२३ च्या एका अभ्यासात व्यायामानंतर ३० ग्रॅम कोलॅजन दिलं, तर स्नायूमधलं तंतूंचं बांधकाम वाढलं नाही आणि स्नायूच्या आतल्या संयोजी ऊतींचंही (तंतूंना बांधून ठेवणाऱ्या जाळ्याचंही) नाही.

उलट, ज्याचं रोजचं प्रथिनच कमी पडतंय त्याने कोलॅजनचा विचार बाजूला ठेवून आधी जेवण सुधारावं.

शाकाहारी कोलॅजन मिळतं का?

वनस्पतींमध्ये कोलॅजन नसतं. ते गाय, डुक्कर, कोंबडी किंवा मासे यांची कातडी, हाडं, कूर्चा, खवले यांतून येतं. ‘व्हीगन कोलॅजन’ म्हणून विकतात त्यात बहुधा ‘क’ जीवनसत्त्व, जस्त आणि काही अमिनो आम्लं असतात; नाव आकर्षक, आत कोलॅजन नाही. शाकाहारी माणसाने पुरेसं प्रथिन आणि ‘क’ जीवनसत्त्व घेतलं तर शरीर ग्लायसिन आणि प्रोलिन स्वतः बनवतं, आणि टेंडनला भार देणं तर कोणत्याही आहारात जमतं.

काही त्रास होतो का?

बहुतेकांना होत नाही. पोट जड वाटणं, तोंडाला विचित्र चव राहणं, एवढंच. माशांची ॲलर्जी असेल तर माशांपासून केलेलं टाळावं. एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते: हायड्रॉक्सिप्रोलिनचा काही भाग शरीरात ऑक्झलेट होतो आणि लघवीतून बाहेर पडतो. ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे होऊन गेलेत त्यांनी मोठा डोस सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनीही.

डोपिंगमध्ये अडकायला होईल का?

कोलॅजन बंदी असलेल्या यादीत नाही. धोका भेसळीचा असतो. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ यांसारखी त्रयस्थ तपासणीची खूण असलेलाच डबा घ्यावा.

टेंडन दुखायला औषधंही कारण असू शकतात का?

असू शकतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या प्रतिजैविकांमुळे टेंडन सुजू शकतो, क्वचित तुटूही शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये त्यावर सगळ्यात ठळक इशारा छापायला लावला. साठी ओलांडलेल्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या लोकांना हा धोका जास्त. असं औषध चालू असताना टाच दुखू लागली तर पळणं थांबवून लगेच डॉक्टरांना कळवायचं. मधुमेह आणि वाढलेलं कोलेस्टेरॉलही टेंडनला भोवतं.

पावडर, व्यायाम सगळं सोडून तपासणीला कधी जायचं?

टाचेमागे कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, ‘टक्’ असा आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी. गुडघा अडकून बसतो, अचानक दगा देतो, दुखापतीनंतर काही तासांत टम्म फुगतो, तेव्हाही. सांधा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर उद्यावर ढकलू नका.

किती दिवस घेऊन पाहायचं?

तीन महिने, व्यायामासकट. सुरू करण्याआधी दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा: सकाळच्या पहिल्या पावलांचं दुखणं शून्य ते दहात किती, आणि एका पायावर टाच किती वेळा उचलता येते. गुडघा असेल तर पायऱ्या उतरतानाचा आकडा. आठवड्यातून एकदा, त्याच दिवशी, तेच मोजा. बारा आठवड्यांनी आकडे सुधारले असतील तर डबा संपल्यावर महिनाभर नवीन आणू नका, व्यायाम मात्र तसाच चालू ठेवा. आकडे तसेच राहिले, तर डब्याचं काम काय होतं ते तुम्हाला कळलं.